दोघांचा कौल

माझी एक सवय आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. काही ठरवता आलं नाही की मी डब्यातले तांदूळ चिमटीत घ्यायचे, डोळे मिटून गावदेवीला हाक मारायचे आणि दाणे जोडीजोडीने बाजूला करायचे. सगळ्यांच्या जोड्या लागल्या तर देवीचा होकार. एक दाणा एकटा उरला तर नकार.

याला कारण होतं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. वडील धरमतरच्या जेट्टीवर बार्जमधला माल उतरवतात. आईचं लहानपण मिठागरात गेलं. भरती कधी लागेल, बांध कुठे फुटेल, कुठल्या घरात पोर द्यावी, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. पण प्रॅक्टिकलला जोडीदारीण चुकीची उत्तरं लिहीत असेल तर तिला तिथेच सांगावं की मॅडम गेल्यावर, हे त्यांना विचारून काय उपयोग? तेव्हा उरायची देवी.

आई हसायची. "देवी कधी रोह्याच्या कॉलेजात गेली होती गो? तिला काय विचारतेस?"

"तिला सगळं कळतं."

"मग तांदूळ कशाला सांडतेस? शिजव ते. पोट तरी भरंल."

एकदा वर्गातल्या मैत्रिणीने तिच्या नावाची हजेरी मला लावायला सांगितली. मी तांदळाला विचारलं. होकार आला. माझा विश्वासच बसेना. पुन्हा विचारलं, पुन्हा होकार. मग मोठी चिमूट घेतली, तेव्हा कुठे एक दाणा उरला, आणि मी धावत जाऊन मैत्रिणीला "नाही जमणार" असं सांगितलं. त्या दिवशी मला थोडी शंका आली होती, की मी देवीला विचारत नाहीये, तिची मनधरणी करतेय. पण ती शंका मी तांदळाबरोबर डब्यात परत टाकली.

सकाळी मी कासूहून गाडीने रोह्याला कॉलेजला जाते. दुपारच्या गाडीने परत येते, पण कासूला उतरत नाही. आमची शेतं, बांध, त्यावरची बगळ्यांची रांग खिडकीतून मागे जाऊ देते आणि पुढे पेणला उतरते. तिथे गणपतीच्या एका कारखान्यात मी रंगकाम करते. सुरुवातीला मुकुटाचा आणि दागिन्यांचा सोनेरी रंग एवढंच माझं काम होतं. मग पितांबराच्या कडा आल्या. मग बोटांची नखं.

डोळे मात्र काका करायचे. डोळ्यांच्या कामाला आमच्याकडे आखणी म्हणतात, आणि आमच्या कारखान्यात आखणी म्हणजे काका. सगळेच त्यांना काका म्हणतात, आमचे शेठसुद्धा. बाकीची मूर्ती दहा जणांच्या हातून गेली तरी चालते, डोळे एकाच हाताचे लागतात. एक डोळा एकाने आणि दुसरा दुसऱ्याने केला तर मूर्ती दोन्हीकडे बघते आणि कुणाकडेच बघत नाही, असं काका सांगायचे.

आमच्याकडे एक रीत आहे. आखणी होईपर्यंत मूर्तीला आम्ही 'नग' म्हणतो. हा नग तिकडे सरकव, त्या नगाचा कान घास. डोळे उघडले की तो बाप्पा. मग त्याच्यासमोरून चप्पल घालून कुणी जात नाही. आखणी झालेल्या मूर्तींच्या खोलीच्या दारात चपलांचा हा ढीग असतो, आणि घाईत एकमेकांच्या चपला पायात जाऊन रोज भांडणं होतात.

काकांनी मला आखणी शिकवली ती साच्यातून खराब निघालेल्या चेहऱ्यांवर. कानाजवळ फुटलेले, नाक बसलेले चेहरे ते माझ्यासाठी बाजूला ठेवायचे. मी डोळे काढायचे. ते चप्पल घालूनच समोर उभे राहायचे, मान तिरकी करून बघायचे आणि म्हणायचे, "पूस. अजून नग हाय."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. "पूस. हा तर परीक्षेला बसल्यासारखा बघतोय. तुझ्या कॉलेजातला दिसतोय."

मला राग यायचा, हसूही यायचं. मी पुसायचे. घरी वहीच्या मागच्या पानांवर, गाडीच्या दमट काचेवर, आईच्या भाकरीच्या पिठात, जिथे जागा मिळेल तिथे डोळे काढत राहायचे.

यंदा श्रावण सुरू झाला तेव्हा माझ्या लक्षात आलं, की काका उजव्या हाताचं मनगट डाव्या हाताने धरून आखणी करतात. कुणी बघितलं की डावा हात सोडून मिशीवर फिरवायचे. चहा अर्धाच भरलेला घ्यायचे. बोलायचं काय असतं अशा वेळी, मला माहीत नव्हतं.

मग तो दिवस आला. काका समोरच्या टपरीवर गेलेले असताना शेठनी मला मागच्या पडवीत बोलावलं. मला वाटलं, सोनेरी रंग सांडला त्यावरून बोलणार.

"मोठ्या मूर्तीची आखणी तू करायची," ते म्हणाले.

मोठी मूर्ती म्हणजे मंडळाची. तिचा चेहराच माझ्या छातीएवढा होता. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"मी?"

"मग काय मी? तुझे ते फुटके चेहरे बघितलेत मी. हात चांगला हाय. काका उद्या लेकीकडे चाललेत, माणगावला. मीच म्हटलं त्यांना, या जाऊन, नातवंडांना भेटून या. ते येतील तोवर आखून मोकळी व्हायचं."

"काकांना सांगितलंत?"

शेठनी इकडे तिकडे बघितलं. "आल्यावर बघू. म्हाताऱ्याला आत्ता कशाला दुखवायचं? त्यांचा हात हलतो, तुला दिसत नाय? आणि हे बघ, तू नाय म्हणालीस तर मला हमरापूरहून आखणीवाला आणायला लागंल. मंडळवाले थांबणार नायत. उद्या दुपारपर्यंत सांग."

तेवढ्यात काका आले, टपरीवाल्याच्या नावाने ओरडतच. मी खाली मान घालून ब्रश धुवायला बसले. माझे कान गरम झाले होते. खोटं कशाला सांगू, आनंद इतका होता की ब्रश धुऊन झाला तरी मी धूतच होते. घरी जाताना गाडीत बसवेना. दारात उभी राहिले. समोर नुसतं हिरवं भात आणि पाणी होतं, आणि त्या सगळ्यावर मला ते मोठे डोळे दिसत होते. कुठून सुरू करायचे, पापणीची कड किती वर न्यायची, सगळं माझ्या बोटांत तयार होतं.

कासूला उतरल्यावर पायवाटेने घरी चालताना मात्र एक गोष्ट आठवली. काका उद्या लेकीकडे जायला किती खूश होते ते. दुपारी त्यांनी मला पिशवी उघडून दाखवली होती. नातवासाठी मातीचा छोटा उंदीर केला होता त्यांनी, आणि म्हणाले होते, "शेठला यंदा काय दया आली कोण जाणे. सीझनमध्ये सुट्टी!"

घरात शिरल्या शिरल्या मी तांदळाचा डबा उघडला. होकार आला. पुन्हा विचारलं. नकार. पुन्हा. होकार. आईने डबाच उचलून फळीवर ठेवला.

"काय झालंय तुला?"

मी सांगितलं. ती बराच वेळ मासळी साफ करत राहिली. मग म्हणाली, "हे तांदळाचं काम नाय. सकाळी देवळात जा. कौल लाव."

कौल म्हणजे काय ते आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही, पण कॉलेजातल्या मैत्रिणींना सांगावं लागलं, म्हणून इथेही सांगते. गावदेवीच्या दगडी मूर्तीला पाणी घालून गुरव तिच्या दोन्ही खांद्यांना ओल्या फुलाच्या कळ्या चिकटवतो. मग आपला प्रश्न तिला सांगतो. त्याला गाऱ्हाणं म्हणतात. उजवी कळी पडली तर हो. डावी पडली तर नाही. बांधाची उघाडी, म्हणजे खाडीचं पाणी अडवायची झडप, कधी उघडायची, होडी नवी घ्यायची का, हरवलेली शेळी सापडेल का, सगळं आमचं गाव असंच विचारत आलंय.

सकाळी मी आंघोळ करून देवळात गेले. गुरवमामा गाभारा पुसत होते. त्यांनी कुंडीतल्या तगरीच्या दोन कळ्या खुडल्या.

"बोल. काय विचारू?"

"मनातल्या मनात विचारलं तर?"

"मग घरीच विचारायचं. इथं मोठ्यानं बोलायला लागतं. देवी बहिरी नाय, पण माणूस मनात लबाडी करतो."

मी घाबरत म्हणाले, "एक चांगलं काम आलंय. घेऊ का?"

मामांनी गाऱ्हाणं घातलं, त्यांच्या त्या लांबलचक सुरात. बाय माझे, तुझं लेकरू दारात आलंय, चांगलं काम चालून आलंय, तिनं ते घ्यावं असं असंल तर उजवा दे. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत उजवी कळी टपकन पडली. मी ओरडलेच. मामासुद्धा हसले.

"देवी वाटच बघत बसली होती बघ. जा, घे काम. कसलं काम गो पण?"

आणि मी सांगितलं. आनंदात होते, म्हणून सगळंच सांगितलं. शेठ, मोठी मूर्ती, काका, त्यांचा हात, माणगाव. सांगता सांगता मामांचं फडकं थांबलं.

"त्या काकाला ठाऊक हाय?"

"नाही."

त्यांनी पडलेली कळी उचलली आणि माझ्याकडे न देता पाण्याच्या तांब्यात टाकली. कौल मिळाला की ती कळी प्रसाद म्हणून माणसाच्या हातात देतात. मला ती मिळाली नाही.

"मामा, उजवा पडला ना!"

"पडला. देवी खोटं नाय बोलत. तू अर्धं विचारलंस, तिनं तेवढ्याचं सांगितलं. बांधावरून दोघांचं भांडण असलं, तर मी एकट्याला कौल लावून देतो काय? दोघांना उभं करतो ना पायरीवर? हा प्रश्न तुझ्या एकटीचा नाय. दोघांचा कौल एकटीनं लावायचा नसतो, एवढं ठाऊक नाय? कॉलेजात जातेस!"

कॉलेजात हे शिकवत नाहीत, असं म्हणावंसं वाटलं. पण ते मला कॉलेजात जायच्या आधीपासून ठाऊक होतं. लहानपणी मी याच पायरीवर बसून दोन दोन माणसं शेजारी उभी राहिलेली बघितली होती. मोह झाला की माणूस ठाऊक असलेलंच विसरतं.

"मग आता काय करू?"

"त्याला आण."

"ते माणगावला चाललेत. आत्ता. सकाळच्या एसटीने."

"मग माझ्याशी काय बोलत बसलीस?"

मी धावले. काकांना फोन लावला, उचलला नाही. ते फोन नेहमी पिशवीच्या तळाशी ठेवतात, आणि तसंही हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. रोह्याची गाडी माझ्या डोळ्यांसमोरून गेली आणि मी उलट दिशेची रिक्षा पकडली. पेणच्या स्टँडवर शिरले तेव्हा काका फलाटावरच्या बाकावर बसलेले दिसले. मांडीवर पिशवी, हातात छत्री, अंगात इस्त्रीचा सदरा. मला इतका आनंद झाला आणि इतकी भीती वाटली, की दोन्हीत फरक कळेना.

"तू इथं काय करतेस? कॉलेज बुडवलंस?"

मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. मध्ये थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. कौलाचंही सांगितलं, उजवी कळी पडल्याचंही, आणि दोघांनी पायरीवर उभं राहायला हवं असं गुरवमामा म्हणाल्याचंही. शेवटी म्हणाले, "तुम्ही नको म्हणालात तर मी नाही करणार."

त्यांचा उजवा हात पिशवीवर होता आणि तो हलत होता. त्यांनी तो लपवला नाही.

"तरीच," ते म्हणाले. "तरीच म्हटलं, शेठला माझ्या नातवंडांचा एवढा पुळका कसा आला. कधी त्यांची नावं विचारली नाय त्यानं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि तुला काय गरज होती सांगायची? गपचूप आखलं असतंस."

"देवीने अर्ध्याच प्रश्नाचं उत्तर दिलं, काका."

"तुझी देवी शेठपेक्षा कडक दिसते."

गाडी लागली. काका उठले, पिशवी मला दिली आणि चढले. मला वाटलं, संपलं. तर ते पायरीवरून मागे वळले. "चढ की! ही गाडी कासूवरूनच जाते ना? पायरीवर दोघांनी उभं राहायचं म्हणालीस ना?"

कंडक्टरने माणगावचं तिकीट दिलं आणि काका कासूच्या फाट्यावर उतरले, तेव्हा तो खिडकीतून ओरडला, "बाबा, माणगाव लांब हाय अजून!"

"ठाऊक हाय," काका म्हणाले. "मध्ये एकीला भेटून येतो."

देवळात गुरवमामा आमची वाट बघत असल्यासारखे बसले होते. आईसुद्धा आली होती. मामांनी नव्या कळ्या लावल्या आणि आम्हाला पायरीवर शेजारी शेजारी उभं केलं.

"पाव्हणे, पयलं तुम्ही बोला. मोठ्यानं."

काकांनी घसा साफ केला. टोपी काढली, परत घातली. मग देवीकडे बघून म्हणाले, "माझा हात थरथरतो."

एवढंच. ते वाक्य त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं. आईने पदर तोंडाला लावला. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मी देवीच्या खांद्याकडेच बघत राहिले.

"बारीक रेघ येत नाय आता," काका पुढे म्हणाले. "ही पोर आखंल. तिला येतं. पण मी तिच्या शेजारी बसतो. सांगत जाईन. हात तिचा, नजर माझी. असं चालंल काय, ते विचारा."

माझ्या मनात याहून सुंदर काही आलंच नसतं. मी मान डोलावली. मामांनी मला विचारलं, "तुझं पण हेच?" मी म्हणाले, "हो, हेच. अगदी हेच."

गाऱ्हाणं झालं. कळ्या हलेनात. बाहेर कुणाची तरी म्हैस ओरडली. काकांनी हळूच मला विचारलं, "नेहमी एवढा वेळ लागतो?" मामांनी डोळे वटारले. आई पुटपुटत होती. मी उजव्या कळीला मनातल्या मनात ढकलत होते, पड ना गो, पड ना.

डावी पडली.

मला रडायला आलं. देवी नाही म्हणाली होती. मी मामांना म्हणाले, "पुन्हा लावा ना. नीट चिकटवली नसेल." माझ्या तोंडातून माझा तांदळाचा डबाच बोलत होता.

"एका प्रश्नाला एकच कौल," मामा म्हणाले.

आणि मग काका हसायला लागले. आधी मिशीतल्या मिशीत, मग मोठ्याने, देवळात घुमेल एवढ्याने.

"शहाणी हाय तुमची देवी!" ते म्हणाले. "आरं, मी शेजारी बसलो तर या पोरीला आखू देईन होय? एक रेघ काढली की पूस, दुसरी काढली की पूस. विसर्जनापर्यंत पुसतच बसंल ती. माझी नजर आणि हिचा हात म्हणजे दोन माणसं झाली की. डोळे एकाच माणसाचे लागतात, हे मीच सांगत आलोय. देवीनं माझंच मला सांगितलं."

"पण मग तुम्ही?"

"मी माणगावला. तिकीट काढलंय."

त्यांनी पिशवीत हात घातला. मातीचा उंदीर बाजूला केला, एक कापडी गुंडाळी काढली आणि तिच्यातून त्यांचा बारीक ब्रश. दांड्याला सुती दोरा गुंडाळलेला, बोटांच्या घामाने काळा पडलेला. हा ब्रश ते लेकीकडे जातानाही सोबत नेत होते. मला तो द्यायचा म्हणून त्यांनी हात पुढे केला, आणि हात हलत होता म्हणून मला दोन्ही हातांनी तो धरावा लागला.

"हा दोरा काढू नकोस," ते म्हणाले. "घसरत नाय."

गुरवमामांनी डावी कळी काकांच्या हातात दिली. नकाराची कळीसुद्धा प्रसादच असते, हे मला त्या दिवशी कळलं. काकांनी ती टोपीत खोचली.

मग त्यांनी फोन काढला आणि तिथूनच शेठना लावला. ते फोनवर नेहमीच ओरडून बोलतात, त्यामुळे सगळ्या देवळाने ऐकलं.

"शेठ, मी चाललो लेकीकडे! हो, हो, नातवंडांना भेटायला! आणि ही पोर उद्या मोठी मूर्ती आखतेय! ठाऊक हाय मला! मीच ब्रश दिलाय! काय म्हणता? आवाज येत नाय? येत नाय का लाज वाटतेय?"

आई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

फाट्यापर्यंत मी त्यांना सोडायला गेले. चालताना मला एक गोष्ट राहून राहून वाटत होती आणि ती कशी बोलावी कळत नव्हतं. शेठनी जे सांगितलं होतं तेच आता होणार होतं. काका माणगावला, मी मूर्तीसमोर. बाहेरून बघणाऱ्याला काहीच बदललेलं दिसलं नसतं. पण काल रात्री जो ब्रश मी मनात हातात घेतला होता तो जड होता, आणि हा, दोऱ्याचा, इतका हलका होता की मला पुन्हा पुन्हा बघावं लागत होतं, हातात आहे ना म्हणून. मी हे काकांना सांगायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "एसटी आली बघ," आणि चढले.

दुसऱ्या दिवशी मी आखायला बसले. बसले म्हणजे फळीवर उभी राहिले, कारण चेहरा उंच होता. शेठ दारातून दोनदा डोकावून गेले. बाकीच्या बायकांनी रेडिओ बंद केला. मी तांदूळ घेतले नव्हते. देवीला एवढंच म्हणाले, विचारून झालंय, आता सोबत राहा. आणि पहिली रेघ काढली.

ती रेघ कशी गेली ते मला खरंच आठवत नाही. दुसऱ्या डोळ्याची शेवटची पापणी झाली तेव्हा मी फळीवरून खाली उतरले, मागे सरकले, आणि मूर्तीने माझ्याकडे बघितलं. एक बाई हळूच म्हणाली, "चपला काढा गो," आणि सगळ्यांनी काढल्या. मी मात्र काढल्या की नाही, मला भान नव्हतं. मला आत अजून काकांचा 'पूस' ऐकू येत होता.

काका माणगावहून परत आले ते गाडीतून उतरून थेट कारखान्यात. टोपीत ती कळी वाळलेली होती. मोठ्या मूर्तीच्या खोलीच्या दारात उभे राहिले, मान तिरकी केली, नेहमीसारखी. मी त्यांच्या मागे उभी होते. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. मला फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या, आणि मी त्यांच्याकडेच बघत होते.

बराच वेळ झाला.

मग त्यांनी एका पायाने दुसऱ्या पायाची चप्पल सैल केली, आणि मग दुसरी. दोन्ही ढिगात सारल्या आणि आत गेले.

"डाव्या डोळ्याची शेपटी जरा लांब गेलीय," आतून आवाज आला.

"पुसू?" मी दारातूनच ओरडले. माझं हसू आवरत नव्हतं.

"वेडी काय?" काका म्हणाले. "बाप्पाचे डोळे कुणी पुसतं?"